कळकलेला समुद्र

आमचे सासरे तेव्हा माझ्याशी बोलत नव्हते, भिंतीशी बोलत होते. "कुणीतरी चहा टाकला असता तर बरं झालं असतं," असं ते भिंतीला सांगायचे. त्या वेळी घरात दुसरं कुणी नसायचं, त्यामुळे ते 'कुणीतरी' म्हणजे मी. दीड वर्ष हा कारभार चालला. भिंतीनं एकदाही चहा टाकला नाही, हे मी नवऱ्याला अनेकदा सांगून पाहिलं.

कारण सांगते. आप्पा, म्हणजे भालचंद्र लांजेकर, पिढीजात तांबट. पुण्याच्या तांबट आळीत त्यांनी पंचावन्न वर्षं तांबं ठोकलं. बंब, घंगाळं, हंडे, कळश्या. भांड्यावर हातोडीनं ओळीनं ठसे उठवतात त्याला मठार म्हणतात, आणि आप्पांच्या मठारात एक ठसा वाकडा दाखवा म्हणून लोक पैज लावायचे. पुढे त्यांचे हात थरथरायला लागले. जन्मभराच्या ठोकाठोकीनं एक कान गेला, दुसरा निम्मा उरला. आळीतल्या घराचा जिना असा, की वर चढणारा देवाचं नाव घ्यायचा आणि उतरणारा आईचं. नवरा मंदार "बघू, बघू" करत होता. त्याच्या 'बघू'त तीन पावसाळे सहज गेले असते. म्हणून मीच ठरवलं आणि आप्पांना आमच्या धायरीच्या सहाव्या मजल्यावर आणलं. ते तेवीस तांब्याची भांडी घेऊन आले, माझ्याकडे पाठ करून बसले आणि भिंतीशी बोलायला लागले.

अशा घरात दोन हजार बेचाळीस सालच्या कार्तिकात समुद्र आला, लिफ्टमधून.

बातम्यांत हे सगळं येऊन गेलंय, तरी थोडक्यात सांगते. समुद्राला ताप भरला होता. मालवणच्या पुढं पाण्याखाली प्रवाळाचे खडक आहेत. सलग दोन उन्हाळे तिथलं पाणी बत्तीस डिग्रीच्या वर राहिलं आणि खडक पांढरे पडायला लागले. तेव्हा तिथले थोडे थोडे जीव काढून सहाशे घरांत सांभाळायला ठेवायचे आणि उष्णतेची लाट ओसरली की परत नेऊन सोडायचे, अशी योजना निघाली. मी डेअरीत दूध तपासते. आकडे वाचणं हा माझा धंदाच, म्हणून मी अर्ज केला आणि आम्हाला पेटी मिळाली. अडीचशे लिटरची काच, आत खडकाचा तुकडा, चार कोळंब्या, जोकर माशांची एक जोडी आणि त्या जोडीचं घर असलेलं एक समुद्रफूल. समुद्रफूल म्हणजे फूल नव्हे बरं का, प्राणीच. बुडखा खडकाला धरून बसतो आणि वर शंभर बोटं हलवत राहतो. बाकीच्या माशांना त्या बोटांचा डंख बसतो. जोकर मासे मात्र आईच्या पदरात शिरावं तसे त्यात शिरतात.

पूर्वीचे हौशी लोक काय करायचे? एक पेटी, सव्वीस डिग्री पाणी, ठरलेलं मीठ आणि वर एक दिवा. त्यात लाल समुद्रातला मासा, हवाईचा मासा आणि मालवणचा मासा एका पंक्तीला बसवायचे. मासे जगायचे. पण जगणं वेगळं आणि नांदणं वेगळं, हे कुठल्याही सुनेला विचारा. मग शास्त्रज्ञांच्या लक्षात आलं की ते 'आदर्श' पाणी हीच खरी चूक आहे. खडकावरचं पाणी दिवसभर बदलत असतं. दुपारी ते पाऊण डिग्रीनं चढतं, भरतीबरोबर गार लोट येतो, पावसाळ्यात खारेपणा उतरतो, गढूळपणा येतो. जिवाच्या पेशींना या चढउताराची ओळख असते. ती लय तुटली की जीव काही न सांगता खंगत जातो. लय टिकवली, तर तोच जीव परत गेल्यावर दोन उन्हाळे जास्त सोसतो.

म्हणून प्रत्येक खडकाजवळ एक बोया तरंगत ठेवला होता. तापमान, खारेपणा, आम्लता, कॅल्शियम, प्रकाश, प्रवाह असे तेरा आकडे तो दर मिनिटाला पाठवायचा, आणि पेटीखालचं यंत्र ते आकडे जसेच्या तसे पेटीत उतरवायचं. फक्त तिकडचा ताप इकडे येऊ द्यायचा नाही, म्हणून तीस डिग्रीला कुलूप. पेटीतलं पाणी उडालं की यंत्र शेजारच्या कॅनमधून शुद्ध पाणी घ्यायचं. मीठ उडत नाही, नुसतं पाणी उडतं, म्हणून भरपाई गोड्या पाण्याची. यंत्राचं सरकारी नाव एवढं लांब होतं की ते घेईपर्यंत मासा म्हातारा होईल. लोकांनी त्याला 'माहेर' म्हणायला सुरुवात केली. माशांच्या माहेरी ढग आला की आमच्या धायरीतल्या पेटीत अंधारायचं.

"माशांना घरबसल्या माहेर," मी मंदारला म्हटलं. "मला इस्लामपूरला जाऊन वर्ष झालं, त्याचं काही यंत्र निघतंय का बघ."

"बघू," मंदार म्हणाला.

आप्पांनी पहिल्या दिवशी भिंतीला सांगितलं, "खारं पाणी आणलंय घरात. भांडी काळी पडतील."

पण आठवड्याभरात त्यांची खुर्ची पेटीपाशी सरकली. ऐकू येत नसलेल्या माणसाला बघण्यासारखं काहीतरी लागतं, आणि पेटीत बघण्यासारखं पुष्कळ होतं. भरती आली की समुद्रफुलाची बोटं एका बाजूला वळायची, ओहोटीला दुसऱ्या. आप्पांना त्या वेळा पाठ झाल्या. जोडीतली मोठी ती बायको आणि धाकटा तो नवरा, हे मी सांगितल्यावर ते पहिल्यांदा हसले. "म्हणजे आपल्या घरासारखंच," ते म्हणाले. भिंतीला नव्हे, पेटीला. ते माझ्याशी अजून बोलत नव्हते, पण भिंतीपेक्षा पेटी बरी, तिच्या शेजारी निदान मी उभी असायची. "मालवणला आभाळ आलंय," ते पेटीला सांगायचे आणि मी चहा टाकायची. समुद्रफुलाकडे बघत ते पेटीला विचारायचे, "ही बाई आज जेवली का?" आणि मी ओरडून सांगायची, "जेवली! कोळंबीचा तुकडा घातला सकाळी!" असा आमचा संवाद सुरू झाला. माझं काळीज किती हलकं झालं म्हणून सांगू! घरात एक माणूस आपल्यावर रुसून बसलेलं असलं की घास गोड लागत नाही.

आणि मे महिन्यात समुद्रफूल मिटायला लागलं.

आधी एक कोळंबी मेली. मग दुसरी. आठवड्यानं उरलेल्या दोघी. समुद्रफुलाची बोटं आखडली, रंग उतरला, आणि ताटलीएवढं ते अंग वाटीएवढं झालं. माशांची जोडी त्याच्याभोवती कावरीबावरी होऊन फिरायची, कारण शिरायला घरच उरलं नव्हतं. यंत्राचे तेराच्या तेरा दिवे हिरवे. मालवणचा खडक आणि आमची पेटी यांच्यात केसाचा फरक नाही, असं यंत्र म्हणत होतं.

योजनेच्या परुळेकरबाई आल्या. मूळच्या मालवणच्याच, मोठ्या आवाजाच्या आणि मनानं साफ. पण त्या दिवशी त्यांचा चेहरा पडला होता.

"त्या खडकावरून नऊ समुद्रफुलं काढली होती आम्ही," त्या म्हणाल्या. "त्यातली पाच उरलीत. हे त्यातलं एक. यंत्रात दोष नाही, पाण्यात दोष दिसत नाही. मग माणसांतच बघायला हवं. पेटीत कुणी काही घातलंय का? खाणं, औषध, साबणाचा हात?"

"मी नाही," मी म्हटलं.

"मी तर हातच लावत नाही," मंदार म्हणाला. हे मात्र शंभर टक्के खरं होतं, तो घरात कशालाच हात लावत नाही.

"आजोबा, तुम्ही?"

"काही नाही!" आप्पा ओरडले. "मी फक्त बघतो!"

परुळेकरबाईंनी सुस्कारा सोडला. "दहा दिवस देते. कारण सापडलं तर ठीक. नाहीतर जोडी आणि फूल, दोन्ही घेऊन जावं लागेल. माझा नाइलाज आहे हो."

आप्पांना 'घेऊन जावं लागेल' एवढं बरोबर ऐकू आलं. त्या संध्याकाळी त्यांनी खुर्ची उचलून परत भिंतीपाशी नेली. मासे गेले असते तर जीव हळहळला असता, पण खरं सांगते, मला जास्त भीती त्या खुर्चीची होती. पेटी गेली की भिंत आलीच. आणि या वेळी ते भिंतीशीही बोलतील की नाही, याची मला खात्री वाटेना.

मी डेअरीत दुधातलं पाणी पकडते. तीस वर्षांच्या मुरलेल्या गवळ्याला मी कागदावर पकडलंय. आणि माझ्याच घरात मला काही सापडेना! सहा दिवस मी यंत्राची सगळी नोंद चाळली. काही नाही. सातव्या दिवशी पुसायला म्हणून पेटीखालचं दार उघडलं तर कॅन दिसला. वीस लिटरचा कॅन, काठोकाठ भरलेला.

मी तिथंच फतकल मारून बसले. हा कॅन मी शेवटचा भरला होता गुढीपाडव्याला. उन्हाळा होता, धायरीत चाळीस डिग्री, पेटीतलं पाणी रोज दीड-दोन लिटर उडायलाच हवं. कॅन बारा दिवसांत रिकामा व्हायला हवा होता. लग्नसराईत डेअरीत पनीर आणि खव्याची तपासणी असते, मला मान वर करायला वेळ नव्हता, आणि 'कॅन भरा'चा दिवा लागला नाही म्हणून मी बावळट खूश होते! पेटीतली पातळी बरोबर, खारेपणा बरोबर, आणि कॅन भरलेला. याचा अर्थ एकच. उडालेलं पाणी दुसरं कुणीतरी भरत होतं, अगदी मापात.

घरात पहाटे उठणारं माणूस एकच.

दुसऱ्या दिवशी साडेपाचला मी स्वयंपाकघराच्या दाराआड उभी राहिले. आप्पांनी आंघोळ केली, गॅलरीत तुळशीला पाणी घातलं, आणि हातात तो मोठा मठारलेला तांब्या घेऊन पेटीपाशी आले. त्यांनी स्वतः, हात ठीक असताना, घडवलेलं ते शेवटचं भांडं. झाकण बाजूला केलं आणि काचेवरच्या रेघेला टेकेपर्यंत पाणी ओतलं. थरथरत्या हातानं, पण एक थेंब बाहेर नाही. आणि ओतता ओतता ते बोलत होते. बहिरा माणूस कुजबुजला तरी शेजारच्या बिल्डिंगला कळतं.

"घ्या बाई. रात्रभर तांब्यात ठेवलंय, अमृत आहे. ते कॅनमधलं मेलेलं पाणी पिऊन कशा बऱ्या व्हाल तुम्ही? आमच्या सूनबाईला यातलं कळत नाही, ती आकड्यांतली बाई. पण मनानं चांगली आहे हो. आळीतनं मला उचलून आणलं ते बरंच केलं तिनं, एखाद दिवशी जिन्यावरनं पडून मेलो असतो. हे तिला सांगू नका मात्र. डोक्यावर बसेल."

मी दाराआड पदर तोंडात धरून उभी. हसू की रडू मला कळेना.

त्याच दिवशी पेटीतलं पाणी बाटलीत भरून डेअरीत नेलं. आमच्याकडे दुधातले धातू मोजायचं यंत्र आहे. आकडा आला: लिटरला शून्य पूर्णांक सतरा मिलिग्रॅम तांबं. माणसाच्या पिण्याच्या पाण्यात याच्या दसपट असलं तरी चालतं. समुद्रफुलाला, कोळंबीला याचा दहावा हिस्साही बाधतो. आणि तांबंही मिठासारखंच, उडत नाही. आप्पा रोज दीड-दोन लिटर ओतायचे, पाणी उडून जायचं, तांबं मागं राहायचं. अडीच महिने ते थराला थर साठत गेलं. माहेर तेरा गोष्टी मोजायचं. चौदावी मोजायचं कुणाच्या मनातही आलं नव्हतं, कारण मालवणच्या खडकावर तांब्या घेऊन कोण जाणार?

कारण सापडलं होतं. पण सांगायचं कसं? पंचावन्न वर्षं ज्या माणसानं तांब्याला अमृत म्हटलं, त्याला म्हणायचं की तुमच्या हातच्या शेवटच्या भांड्यानं हे जीव मारले? आणि तेही हळुवार नाही, ओरडून! नाजूक गोष्ट बेंबीच्या देठापासून ओरडून सांगता येते का कधी?

"सांगूच नकोस," मंदार म्हणाला. "पेटीला कुलूप लाव. परुळेकरबाईंना सांगू, कॅन खराब होता. म्हाताऱ्या माणसाला कशाला दुखवायचं?"

आयुष्यात पहिल्यांदा तो 'बघू' सोडून काहीतरी बोलला होता, आणि तेही चुकीचं. पण खोटं नाही बोलत, रात्रभर मलाही तेच सोपं वाटत होतं.

सकाळी उठले तेव्हा मात्र ठरलं होतं. लेकी बोले सुने लागे म्हणतात ना? आज सुनेनं करायचं आणि सासऱ्याला लागायचं. शनिवार होता. जेवायला बसायच्या आधी मी आप्पांच्या भांड्यांतली एक बिनकल्हईची तपेली काढली, त्यांच्यासमोर ठेवली आणि तीत ताक ओतलं. चांगलं आंबट ताक. वर चमचाभर मीठ.

आप्पा ताडकन उठले. भिंत विसरले, पेटी विसरले, थेट माझ्यावर ओरडले, "अगं ए! काय करतेस? डोकं फिरलं का तुझं? ओत ते, ओत आधी! बिनकल्हईच्या तांब्यात ताक? कळकेल की! विष होतं त्याचं! आळीतल्या शेंबड्या पोराला विचार, पहिल्या दिवशी शिकवतात आम्हाला. तांब्यात पाणी ठेवावं. आंबट ठेवू नये, खारट..."

ते थांबले.

मी पेटीकडेही बघितलं नाही, देवाशप्पथ. त्यांनीच बघितलं.

"खारट ठेवू नये," आप्पा हळूच म्हणाले. त्यांचा इतका हळू आवाज मी कधी ऐकला नव्हता. "पण मी तर गोडंच पाणी घालत होतो गं. गोडंच. खाऱ्यात." ते खाली बसले. "खाऱ्यात तांबं. भांडं आत असो नाहीतर बाहेर, कळकायचं ते कळकलंच की. समुद्र कळकवला मी."

मी त्यांच्याजवळ जाऊन बसले आणि त्यांच्या चांगल्या कानात ओरडले, "तुम्हाला माहीत नव्हतं, आप्पा!"

"मलाच माहीत होतं!" ते म्हणाले. "या घरात मलाच फक्त माहीत होतं. ती बाई विचारत होती, काही घातलंय का. मी म्हटलं काही नाही. पाणी म्हणजे काय 'काही घालणं' असतं का? तुळशीला पाणी घातलं हे कुणी सांगतं का?" त्यांनी डोळे पुसले. मग एकदम ताठ झाले. "बसलीस काय? ताक काय बघत बसलीस, पाणी बदल! केतकी, ऊठ!"

दीड वर्षानं त्यांनी माझं नाव घेतलं होतं. मी उठले.

घरात कालवून ठेवलेलं चाळीस लिटर खारं पाणी होतं. मी नळी धरली, आप्पांनी पेटीकडचं टोक धरलं, मंदारनं बादल्या उचलल्या. तसं जेवण त्या घरात कधी थंड झालं नव्हतं. रात्री आप्पांनी तो तांब्या पुसून माळ्यावर ठेवायला लावला आणि न जेवता झोपले.

दुसऱ्या दिवशी परुळेकरबाई आल्या, त्या मासे न्यायची पेटी घेऊनच. मी तोंड उघडणार तोच आप्पा पुढं झाले.

"मी घातलं," ते म्हणाले. "रोज पहाटे. तांब्याचं पाणी. सुनेचा दोष नाही, यंत्राचा दोष नाही. काय करायचं ते मला करा, पण फुलाला वाचवा."

परुळेकरबाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. मग त्या खुर्चीवर धपकन बसल्या आणि हसायला लागल्या. हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. मला वाटलं, बाईंना वेड लागलं.

"तांब्याचं पाणी! अरे देवा महाराजा!" त्या म्हणाल्या. "आजोबा, सहाशेतल्या अकरा घरांत हेच चाललंय. सगळे दिवे हिरवे आणि जीव मरतायत. नाशिकला दोन, भंडाऱ्याला एक, साताऱ्याला... दोन महिने आमचे शास्त्रज्ञ डोकं आपटतायत. प्रत्येक घरात विचारलं, काही घातलंय का? प्रत्येक घरातून एकच उत्तर, काही नाही! कुणाला वाटेल पाणी म्हणजे 'काही'?" त्यांनी तिथूनच फोन लावला. नाशिकच्या घरात आजी होत्या, भंडाऱ्यात सासूबाई. दोन तासांत अकरापैकी आठ घरांतून निरोप आला. तांब्या, तांब्या, कळशी, तांब्या.

मासे न्यायची पेटी रिकामीच परत गेली. जाताना बाईंनी रेझिनच्या चार पुरचुंड्या दिल्या. हे पांढरट दाणे पाण्यातलं तांबं शोषून घेतात आणि शोषता शोषता रंग बदलतात. पुरचुंडी पाण्याच्या वाटेवर टांगायची, रंग भरला की बदलायची.

हे काम मी करणार होते. आप्पांनी मला हात लावू दिला नाही. पंचावन्न वर्षं जंगाल, म्हणजे तांब्यावरचा तो हिरवा-निळा गंज, बघितलेला माणूस! त्याला कुठलं यंत्र हवं? रोज सकाळी पुरचुंडी उजेडात धरायची आणि सांगायचं, "अजून निघतंय. हा बघ, हे माझं तांबं." पहिली दोन दिवसांत भरली. दुसरी पाच दिवसांत. तिसरी पंधरा दिवस फिकीच राहिली. मी डेअरीत पाणी तपासलं आणि आप्पांना आकडा सांगायला आले, तर ते म्हणाले, "संपलं ना? कालच कळलं मला."

समुद्रफुलानं एकविसाव्या दिवशी पहिलं बोट सोडलं. मालवणला पाऊस होता, पेटीत अंधार आणि गढूळ, धड दिसेना. आप्पा काचेला नाक लावून बसलेले. अचानक एवढ्या जोरात ओरडले की खालच्या मजल्यावरून माणूस वर आला. ती मोठी मासळी त्या एका बोटाला अंग घासत होती, आणि तिचा नवरा तिच्यामागं उभा होता. मी आप्पांच्या खांद्यावर हात ठेवून चक्क रडले. किती दिवसांचं साठलं होतं, सगळं निघून गेलं.

श्रावणात प्रत्येक माहेराला चौदावा दिवा आला, तांब्याचा. परुळेकरबाईंनी फोन करून सांगितलं की ऑफिसात त्याला 'लांजेकर दिवा' म्हणतात. "बदनामी केली," आप्पा म्हणाले, पण तीन जणांना फोन करून सांगितलं.

ताप ओसरला, आणि ऑक्टोबरात समुद्र निवल्यावर बोलावणं आलं. फूल आणि जोडी मालवणला पोचवायची होती. पेटीतून काढून प्रवासाला कशात न्यायचं, यावर मी आणि मंदार बोलत होतो, तर आप्पा घरात नाहीत. तासाभरानं आले. हातात झाकणाची निळी प्लॅस्टिकची बादली.

मी बघतच राहिले. या माणसानं आयुष्यात घरात प्लॅस्टिकचा मग येऊ दिला नव्हता. लग्नात आलेला प्लॅस्टिकचा डबा त्यांनी दारातून परत पाठवला होता.

"काय बघतेस?" ते म्हणाले. "चांगली बघून घेतली. वास घेऊन. तीन दुकानं हिंडलो. यात काही कळकत नाही." मग आवाज खाली आणून, म्हणजे त्यांच्या मते खाली, "आळीत कुणाला बोलू नकोस."

मालवणपर्यंत त्यांनी बादली मांडीवरून खाली ठेवली नाही. घाटात मी म्हटलं, द्या थोडा वेळ. नाही दिली. धक्क्यावर होडी उभी होती, पाणबुडे तयार होते. आप्पांनी झाकण उघडून एकदा आत बघितलं. "घ्या, आलं तुमचं माहेर," ते म्हणाले. "आता खरं." आणि बादली परुळेकरबाईंच्या हातात दिली. हात थरथरत होते, पण एक थेंब सांडला नाही. तासाभरानं पाणबुडे वर आले. फूल आपल्या जुन्या कपारीत बसलं होतं, जोडी त्यात शिरली होती. परुळेकरबाईंनी धक्क्यावरच आप्पांना कडकडून मिठी मारली.

परत येताना मंदारनं गाडी अचानक इस्लामपूरला वळवली. "बघू म्हटलं होतं ना," तो म्हणाला. आता काय बोलायचं!

दिवाळीच्या आधल्या रविवारी आप्पांनी तेवीसच्या तेवीस भांडी काढून गॅलरीत मांडली. माळ्यावरचा तांब्याही उतरवला. "पाणी प्यायला चांगलाच आहे तो," ते म्हणाले. "आपल्याला. माशाला नाही." मी चिंच कोळून दिली, ते घासायला बसले. घंगाळं, हंडा, कळशी, एकेक लखलखायला लागलं. रांगेच्या शेवटी ती निळी बादली होती. मी तिच्याकडे चिंचेचा हात नेला.

"अगं केतकी, हिला चिंच नको," आप्पा म्हणाले. त्यांनी बादली जवळ ओढली, खांद्यावरचा पंचा काढला आणि आतून-बाहेरून हळूहळू पुसून कळशीच्या शेजारी ठेवली. "हिला नुसतं फडकं पुरे. आणि चहा टाक आता दोघांना."